‘नाही’चं ‘होय’

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि ती आता राहिली नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही.

माणसं लाकूड-कोळसा सोडून दुसऱ्या इंधनाकडे कशी वळतात, याचा अभ्यास करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत. हिला खेडं कळतं, असं लोक म्हणत. कळतंच की. मी कुरुंदा गावची, चुलीपुढे फुंकणी घेऊन वाढलेली. म्हणून तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निर्धूर चुलींच्या पाहणीला मलाच पाठवलं — सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका तांड्यावर.

तिथं सोनामावशी भेटली. चाळिशीची, डोळे लालभडक. तिनं हाताला धरून मला घरात बसवलेली निर्धूर चूल दाखवली. धुराडं काजळीनं बुजलेलं, त्यामुळे पेटवली की धूर उलटा घरात. चुलीवर तिनं पिठाचा डबा ठेवला होता, आणि भाकरी शेजारी तीन दगडांच्या चुलीवर भाजत होती.

“पोरी, ही चूल धूर बाहेर न्हाई, आमच्या छातीत सोडून राहिली. बराबर लिवून घे. वरच्यायला कळलं तर दुरुस्त तरी करतील.”

मी लिहिलं. तिला वाचूनही दाखवलं. तांड्यावर जवळजवळ घरोघरी हेच होतं.

पुण्यात माझ्यावर कुणी दबाव आणला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं — पण कुणीच आणला नाही. त्या अहवालावर मला परदेशातल्या परिषदेला जायला मिळणार होतं. बंद पडलेल्या चुलींची गोष्ट ऐकायला कोण बोलावतं? फॉर्मवर प्रश्न होता : चूल वापरात आहे का? मी मनाशी म्हटलं, तिच्यावर डबा ठेवतातच ना — म्हणजे वापरच. एका दुपारी बसून ‘नाही’चे ‘होय’ केले. सगळे.

अहवाल गाजला. मी जाऊन आले. पुढचं नाव, पुढची पदं त्याच्यावरच उभी राहिली. आणि तशाच चुली, तसल्याच धुराड्यांसकट, आणखी तांड्यांवर बसल्या. दुरुस्तीची गरज दिसत नाही, असं माझ्याच अहवालाचा हवाला देऊन कुणीतरी कळवलं. तो कागद माझ्या टेबलावर आला होता. मी वाचला — आणि फाइलला लावला.

सात-आठ वर्षांनी संस्थेच्या पाहुण्यांना घेऊन त्याच तांड्यावर जावं लागलं. सोनामावशी बाजेवर बसलेली. दोन शब्द बोलली की धाप लागायची. डॉक्टरनं धुराचंच कारण सांगितलं होतं. सून मला म्हणाली, “तुमी लिवून नेलं, पण झालं काय?”

मावशीनं तिला थांबवलं. “तिला काहून बोलती? तिनं माझ्यासमोर लिवलं. वरच्यायनं वाचलं न्हाई, त्याला ती काय करंल?” मग माझ्याकडे वळून — “व्हय ना, पोरी?”

तेव्हा सांगता आलं असतं. पाहुणे लांब होते, तिघींशिवाय तिथं कुणी नव्हतं.

“व्हय मावशी,” मी म्हणाले, “वाचलं नसंल.”

तिनं माझ्यासाठी चहा टाकायला लावला. मी तो प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी तिच्या बाजूची होते, असं समजून गेली. मी नव्हते.