येशूचा पुरावा आणि माझे वडील

दोन हजार साल तोंडावर आलं होतं. महाडच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, विज्ञानाच्या सरांनी मला डिवचलं, "इतिहासाच्या बाई, ज्याच्या जन्मापासून हे साल मोजतात, तो येशू खरंच होऊन गेला? पुरावा काय?"

'पुरावा काय' विचारणाऱ्यांचा मला राग येतो. विचारतात ते बरोबर असतं, म्हणून जास्तच येतो. मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि पंधरवडाभर त्यांत डोकं घातलं.

हाती फार थोडं लागलं. त्यानं स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. शिष्यांच्या आठवणी कागदावर आल्या त्या बऱ्याच वर्षांनी, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. जन्माचं सालसुद्धा मोजणाऱ्यांनी चुकवलेलं. तो त्या सालाच्या काही वर्षं आधीच जन्मला असावा. पण अभ्यासकांची एक कसोटी मला फार आवडली. भक्तांना जे सांगताना अवघड वाटलं असेल, तरी त्यांनी सांगितलं, ते बहुधा खरं. आपल्या गुरूनं दुसऱ्याच एका साधूकडून नदीत दीक्षा घेतली, असं कोण मुद्दाम रचेल? गुलामांना आणि बंडखोरांना देतात तसलं क्रूसावरचं मरण त्याला आलं, हे तरी कोण रचेल?

वाचता वाचता मला माझे वडील आठवले. आठवले म्हणजे काय, मी तान्ही असताना ते तापानं गेले. फोटो नाही. आईनं मला महाडला आजोळी वाढवलं. ती मुळात अबोल, आणि मी कॉलेजात असताना तीही गेली. उरल्या वडिलांच्या गावच्या, कुडपणच्या गोष्टी. वडिलांनी काठीनं वाघ हाकलला. एका चुलत्याच्या तोंडी तो पाणवठ्यावर, दुसऱ्याच्या तोंडी गोठ्यात. मुंबईच्या गिरणीत म्हणे साहेब त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता, तब्येतीनं दगा दिला म्हणून गावी परतले. लहानपणी मी हे सगळं मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. आता मला वाघ नको होता. त्यांची एक तरी खरी गोष्ट हवी होती.

नाताळच्या सुट्टीत एसटीनं पोलादपूर आणि पुढे जीपनं कुडपण गाठलं. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, अंगणात नाचणी पाखडत होती. वाघ सुरू व्हायच्या आत मी म्हटलं, "आत्या, त्यांचं असं काहीतरी सांग, जे सांगायची तुला लाज वाटते."

"मेलेल्या मानसाचं वंगाळ काढतेस? ह्यासाठी शिकलीस गो?"

ती चिडून पाखडतच राहिली. मीही तिचीच भाची, हलले नाही. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं.

"तब्येतीला कायपन झालं नव्हतं त्याच्या. तू झालीस, निरोप गेला, आन हा गडी गिरनी सोडून दारात उभा. पोरगा असता तर लोकं समजली असती. पोरीसाठी कोन नोकरी टाकतो? परत गेलाच नाय. रोज तुला मांडीवर घेऊन हितंच पायरीवर बसायचा. अख्खी वाडी हसायची, बायल्या म्हनायची. आमाला तोंड दाखवायची सोय नाय. मंग आमीच उठवलं, तब्येत बिघडली म्हनून."

मी त्या पायरीकडे बघत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. असलं कोणी रचून सांगत नाही.

निघताना आत्यानं माझा हात घट्ट धरला. "कोनाला बोलू नको हां. आपल्याच घरची लाज हाय."

मी मान डोलावली. शाळा उघडली त्या दिवशी सरांनी विचारलं, "काय बाई, सापडला का पुरावा?"

मी त्यांना आधी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली.