सुईपुढं केलेला हात

अजीजुन्निसा जहांगीर मण्यार नसरापूरच्या बाजारात बांगड्या भरायची. आम्ही तिला अजीजाचाची म्हणायचो. तोंडाची फटकळ, पण हाताची हलकी. बांगडी चढवताना एखादी नवी नवरी कळवळली की म्हणायची, "रडतीस कशाला? सासूनं न्हाई, म्या धरलाय हात."

२००४च्या पावसाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा शाकिर टेम्पोसकट सारोळ्याच्या पुलाजवळ नीरेत गेला. टेम्पो सापडला, शाकिर नाही. महिन्याभरानं नदीत खाली एक प्रेत लागलं, पण चेहरा उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, डीएनए तपासू; आईचं किंवा मुलीचं, कुणाचंही रक्त चालेल. शाकिरची बायको समीना दीड वर्षाच्या गुलफशाला पुढं करणार, तेवढ्यात चाचीनं स्वतःची बाही वर सारली.

"लेकराला सुई टोचू नका. मी आय हाय त्याची."

मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून त्यांच्याबरोबर भोरला गेलो होतो. जाताना एसटीत माझं व्याख्यान चाललेलं. पेशी, गुणसूत्रं, अर्धं आईचं, अर्धं बापाचं, ही तपासणी कधी खोटं बोलत नाही, वगैरे. मध्येच चाचीनं विचारलं, "दुधातनं बी जातं का वो ते, मास्तर?"

"अहो चाची, आईकडनंच तर येतं," मी म्हणालो. प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. जुळत नाही. मीच मोठ्यानं वाचला आणि वर शहाणपणानं म्हणालो, "तो शाकिर नव्हेच!" समीना हसत-रडत जमिनीवर बसली. चाची भिंतीला टेकली. मला वाटलं, आनंदानं.

नवरा गेल्यावर बाईनं पाळायची इद्दत समीनानं पाळली नाही. उलट सासूकडून हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. रस्त्यावर टेम्पोचा ब्रेक वाजला की दारात. असं वर्ष गेलं. चाची वाळत चालली, गिऱ्हाइकांची थट्टा करायचीही विसरली.

मग एका दुपारी ती शाळेत आली.

"मास्तर, शाकिर माझ्या पोटचा न्हाई."

माहेरी, सारोळ्यात, तिचं मूल उपजतच गेलं होतं. त्याच आठवड्यात शेजारची एक बाई बाळंतपणात गेली. सुईण फुलाबाईनं ते बाळ हिच्या ओटीत घातलं. नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

"दोन वर्सं पाजलंय. आमच्यात दुधाचं नातं रक्तावानी मानत्यात. वाटलं, एवढं दूध पेलाय, कायतरी माझं उतरलं आसंल की त्याच्यात."

माझं विज्ञान बरोबर होतं आणि मी मात्र गाढव ठरलो होतो.

"मग वर्षभर गप्प का राहिलात?"

"समीना म्हनली आस्ती, तू कोन आमची? नात घिऊन गेली आस्ती. मला दुसरं हाय कोन? पर त्यो तिकडं बेवारस म्हनून पुरलाय, मास्तर. नमाजबी न्हाई झाली त्याची. आन ही बांगड्या वाजवत वाट बघतीया. आता न्हाई बघवत. पोरीचं रगत तपासा."

त्या संध्याकाळी तिनं समीनाला माझ्यादेखत सगळं सांगितलं. समीना उठून आत गेली. पुढचे दोन महिने दोघी एका घरात राहिल्या, पण बोलल्या नाहीत.

प्रेताचा नमुना जपून ठेवलेला होता. गुलफशाचं रक्त जुळलं.

समीनाच्या मनगटांना साबण लावून चाचीनं एकेक बांगडी उतरवली. एकही फुटू दिली नाही. समीनानं हात मागं घेतला नाही, एवढंच.

पुरलेल्या शाकिरचा ताबा घ्यायला आम्ही चौकीत गेलो. हवालदार फॉर्म भरत होता. मयताचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं.

"आईचं नाव?"

चाची माझ्या मागं सरकली.

"लिवा," समीना म्हणाली. "अजीजुन्निसा जहांगीर मण्यार."

हवालदारानं लिहिलं. इतक्या दिवसांत चाची पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.