पाठीचं बक्कल

माझ्या नणंदबाई एक्सरे काढतात. दवाखान्याच्या तळघरात, जिथे मोबाइललाही रेंज येत नाही, तिथे त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. तिथले लोक त्यांना ‘श्वासबाई’ म्हणतात, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच पालुपद: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. आलेल्या माणसाला नीट उभं करायचं, खांदे पुढे, हनुवटी वर, कोपर बाहेर, आणि मग आपण भिंतीमागे जाऊन बटण दाबायचं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हात लावतात आणि प्रत्येकाला तिथेच सोडून आत जातात. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "ताई, तुमची नोकरी म्हणजे लपाछपीच की." त्या म्हणाल्या, "हो, फक्त शोधायला कुणी येत नाही." आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या.

नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं म्हणतात. आमचं तसंही नव्हतं. विळ्या-भोपळ्याला निदान एकमेकांच्या जवळ तरी यावं लागतं. ही बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात कुणाचं काही असलं की सगळ्यांत आधी हजर, उष्टी-खरकटी काढायलाही पुढे, पण जेवायची वेळ झाली की चपला पायात. "उगाच कुणाला त्रास नको" हे त्यांचं दुसरं पालुपद. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतःच पिशवी भरून गेल्या, स्वतःच सही केली, आणि आम्हाला कळलं ते टाके काढल्यावर. आमचे हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. ते चिडले, ओरडले, आणि मग नेहमीसारखे पेपर वाचत बसले.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं होतं, नव्या नवरीच्या उत्साहात; त्यांनी हसून माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली होती. पुढे सासरे गेले, सासूबाईंचा खुबा मोडला, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं ताईंनी एकटीने केलं. आम्ही दुसऱ्या टोकाला राहणारे; रविवारी फळं घेऊन जायचं आणि ‘ताई किती करते’ असं म्हणत परत यायचं. सासूबाई गेल्यावर त्या घरात एवढी शांतता झाली की फ्रिज चालू झाला तरी दचकायला व्हायचं.

आणि अशा घरात एक दिवस ते खोकं आलं.

नेमकी मी तिथे होते. खोकं एवढं मोठं की मला वाटलं नवी वॉशिंग मशीन. ताईंनी घाईघाईने ते आतल्या खोलीत ढकलायचा प्रयत्न केला, पण दारात अडकलं, आणि मग माझ्यासमोर उघडण्यावाचून इलाज राहिला नाही. आतून निघाली पांढऱ्या प्लास्टिकची टरफलं. छातीच्या आकाराचं एक, पाठीच्या आकाराचं एक, खांद्याच्या वाट्या, दंडाची, मांडीची, नडगीची अर्धी-अर्धी नळकांडी, सगळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या. वर एका पिशवीत पट्टे, बक्कलं, टिचबटणं. तळाशी दोन तुकड्यांतलं डोकं.

"हे काय?" मी विचारलं.

"चिलखत आहे. अंतराळातलं."

"कुणासाठी?"

ताई लाल झाल्या. पन्नाशी उलटलेली बाई लाजली की कशी दिसते, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणाल्या, "माझ्यासाठी."

लहानपणी बहीणभाऊ टीव्हीवर एक मालिका बघायचे. अंतराळयान, कप्तान, शत्रू, सगळा मालमसाला. खेळताना आमचे हे कायम कप्तान. ताई व्हायच्या पहारेकरी. यानाच्या दाराशी पांढरं चिलखत घालून उभा राहणारा, संपूर्ण मालिकेत एक शब्दही न बोललेला, चेहरा कधीच न दिसलेला. "तोच का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला कुणी विचारत नाही ना, की बाबा तू एकटा का. पहारेकरी एकटाच असतो."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरी येताच मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "या वयात?" आणि थोड्या वेळाने, "कुठली मालिका?" कप्तानसाहेब सगळं विसरून गेले होते.

मालिकेच्या चाहत्यांचा दरवर्षी शहरातल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मेळावा भरतो. त्यात चिलखतवाल्यांचं संचलन. नियम कडक. दारावर तपासणारा असतो. एक वाटी जरी सैल दिसली तरी रांगेबाहेर. ताईंना त्या रांगेत चालायचं होतं. बाकी काही नाही. एवढं एकच मागणं मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं, आणि तेही माझ्याकडे नव्हतं.

सासूबाईंच्या खोलीतली कॉट हलली आणि तिथे टेबल आलं. अशा किटमधून तयार कपडा निघत नाही. निघतं ते काम. प्रत्येक टरफल आपल्या मापाला कापायचं, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, दोन अर्धी जोडून आतून पट्टी चिकटवायची, आणि गोंद वाळेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवायचं. घरातले कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे त्या कामी लागले, आणि त्यांचा टॉवेल दोनदा खालच्या मजल्यावर उडून गेला. जिथे वळण बसेना तिथे प्लास्टिक गरम पाण्यात धरून वाकवायचं. ताईंच्या बोटांवर फोड आले. मी मलम लावायला गेले तर म्हणाल्या, "अगं लावलंय मी. उगाच तुला..."

"त्रास," मी म्हटलं. "कळलं."

मापासाठी पुतळा लागतो. स्वतःच्या अंगावर जुना सदरा घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, मग ते कवच कापून काढून आत चिंध्या भरायच्या. हे काम दुसऱ्याने करायचं असतं, कारण आपली पाठ आपल्याला गुंडाळता येत नाही. ताईंनी ते कसं केलं देव जाणे. चिकटपट्टीचं एक टोक दाराच्या मुठीला लावून स्वतः गोल फिरल्या, असं म्हणाल्या. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग घरी जाताना बसमध्ये मला ते चित्र दिसायला लागलं, रिकाम्या घरात स्वतःभोवती गोल गोल फिरणारी बाई, आणि हसू गेलं ते गेलंच.

शिरस्त्राणाला काळी काच हवी होती. किटमधली तडकलेली निघाली. ताईंनी कपाटातून एक जुना एक्सरे काढला आणि त्याचे दोन तुकडे आतून बसवले.

"कुणाचा?" मी विचारलं.

"आईचा. खुब्याचा. कडेचा काळा भाग घेतलाय, हाड नाही घेतलं."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे मिक्सरचं भांडं परत द्यायला गेले. खरं सांगायचं तर भांडं निमित्त होतं. ते पहारेकऱ्याचं ध्यान बघायचं होतं मला. बेल वाजवली, दार उघडेना. फोन केला तर तो आतच वाजत राहिला. सासूबाईंच्या आजारपणापासून एक किल्ली माझ्याकडे असायची. तिने दार उघडलं.

ताई कपाटाला पाठ टेकून उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. फक्त पाठीचं टरफल एका बाजूने लोंबत होतं आणि उजवा हात मागे वळून पट्ट्यात अडकला होता. बसता येईना, हात सुटेना, फोन उचलता येईना. डोक्याच्या आतून घुमल्यासारखा आवाज आला, "कोण आहे?"

"चोर," मी म्हटलं. "भांडं परत द्यायला आलाय."

हात सोडवला. डोकं काढलं. घामाने केस चिकटले होते, डोळे लाल. नुसत्या घामाने डोळे तसे होत नाहीत.

"लागतच नाही गं," त्या म्हणाल्या. "पुतळ्याला तर छान लागायचं. एका झटक्यात."

मी मागे जाऊन बघितलं. कमरेचं बक्कल, बगलेतलं बक्कल, दोन्ही खांद्यांची बक्कलं, सगळी पाठीवर. पट्ट्यांची टोकं मागच्या बाजूला ओढायची. काम अप्रतिम होतं, टाका न् टाका सरळ. पण जन्मभर दुसऱ्याच्या अंगाला हात लावून त्याला नीट उभं करायची सवय. ताईंनी पुतळ्याच्या मागे उभं राहून, आपल्या हाताला सोयीचं पडेल तिथे एकेक बक्कल बसवलं होतं. महिनोन् महिने रोज लावून, काढून बघितलं होतं. आत जाणाऱ्या बाईचे हात तिथवर पोचतील का, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"ताई, हे दुसऱ्याने लावायचं झालंय," मी म्हटलं.

त्या कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे बघत म्हणाल्या, "पुतळ्याला मी होते."

मी अशा वेळी रडत नाही, भांडते. त्या "काढ सगळं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू" म्हणायला लागल्या तशी मी खेकसले, "पुढच्या वर्षी काय बघू? सरळ उभ्या राहा. खांदे पुढे!"

पहिल्याच पट्ट्याला माझ्या अंगठीने रंगावर ओरखडा काढला. ताई कळवळल्या. "अंगठी काढ आधी!" एवढ्या वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या, आणि मला इतकं बरं वाटलं. अंगठी लग्नातली, बोट आता लग्नातलं राहिलं नव्हतं. साबण लावून, पिळून, कशीबशी काढली. मग पट्टा ओढत मी म्हटलं, "श्वास घ्या. रोखून धरा." बक्कल खट्‌कन लागलं. मी आपली कौतुकाने बघत उभी.

"अगं, सोडा म्हण ना," आतून कुजबुज आली.

सगळं पुन्हा उतरवून आम्ही टॅक्सीने हॉलवर गेलो, आणि तिथल्या पडद्याआड मी त्यांना पुन्हा सजवलं. आजूबाजूला सगळे जोडीने आलेले. कुणी नवऱ्याची नडगी बांधतंय, कुणी मैत्रिणीचं डोकं पुसतंय. दारावरच्या तपासणाऱ्याने पाठ बघितली, पट्टे ओढून बघितले, आणि विचारलं, "तुमच्याबरोबर कोण?" ताईंनी पांढरा हात उचलून माझ्याकडे दाखवला. "ही. आमची."

संचलनात सगळे सारखेच दिसतात. तरी मी ओळखलं. बाकीचे मिरवत होते, हात हलवत होते. एक पहारेकरी मात्र हॉलच्या दाराशी जाऊन, कुणी न सांगता, ताठ उभा राहिला. लोक शेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि निघून जायचे.

परत येताना टॅक्सीत ताई बोलत होत्या. आतून जग कसं दिसतं, लोक आपल्याला किती चिकटून उभे राहतात, दवाखान्यातला माणूस कसा अंग चोरतो आणि इथे कसा खांद्यावर हात टाकतो. एवढं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. उतरताना म्हणाल्या, "तुझा अख्खा दिवस गेला." मी म्हटलं, "पुढच्या वर्षीही जाऊ दे."

ते वर्ष पुन्हा पहिल्यासारखंच गेलं. त्यांची ड्युटी, आमचा रविवार. मी विचारलं तर म्हणायच्या, "थोडं काम चाललंय त्याच्यावर." मेळावा जवळ आला तेव्हा मीच फोन केला, "सकाळी येते." त्या म्हणाल्या, "ये की."

मी लवकर गेले. बेल वाजवली आणि दार लगेच उघडलं. समोर पहारेकरी. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण, एकही वाटी सैल नाही.

"कुणी लावलं?" मी विचारलं.

"मीच!" आतला आवाज आनंदाने फुटत होता. "सगळी बक्कलं पुढे घेतली. बघ, छातीखाली लपवलीत. ओढलं की बसतं. आता कुणी लागत नाही." आणि त्या गोल फिरल्या, पाठ दाखवायला. जुनी भोकं बुजवून, घासून, वर रंग दिला होता. बोट फिरवलं तरी कुठे काही लागेना. माझ्या अंगठीचा ओरखडाही गेला होता.

"सुंदर झालंय," मी म्हटलं.

"मागच्या वेळी किती दमलीस तू. म्हटलं, उगाच तुला त्रास नको."

जिंकल्या होत्या ताई. काळ्या काचेतून त्यांचे डोळे दिसत नव्हते, आणि त्यांना माझं किती दिसत होतं कोण जाणे. मी हात पाठीमागे घेतला. अंगठी मी घरूनच काढून आले होते.