तळ्याला हळदीचं आवतण

धोंडूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी. भटजीचा मान तिच्यानंतर. हळदीला आधी देवांना, मग झाडापाण्यांना गाण्यातून आवतण द्यायचं, हे तिचं काम. एके काळी हे आवतण इतकं लांबायचं की नवरदेव पाटावरच पेंगायचा. वळ गावचा वड, पूर्णा गावची चिंच, राहनाळचा ओढा, सगळ्यांना नावानिशी हाक. मग तिथं गोदामं आली. पत्र्याच्या शेडला काय म्हणून बोलवायचं? धोंडूबाई एकेक ओळ गाळत गेली. गाणं इतकं आखूड झालं, की डीजेवाल्याला धड चहा प्यायलाही सवड मिळेना.

उरलं होतं गावचं तळं आणि त्यामागचं रान. करवंदांनी पोरांच्या जिभा जांभळ्या करणारं रान आणि म्हशीच्या शेपटीला धरून अख्खं गाव जिथं पोहायला शिकलं ते तळं. आता एका कंपनीला तेही हवं होतं. सोमवारच्या ग्रामसभेत ठराव होता आणि गावातली तरणी पोरं हितेश सांगेल तसा हात वर करणार होती. हितेश कंपनीच्या बाजूचा. धोंडूबाईच्या दिराचा नातू. आणि ठरावाआधीच त्याची हळद आली.

हितेश हळद माखून पाटावर बसला. धोंडूबाईनं गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या म्हसोबाला बोलावलं आणि थांबली.

"काकी, म्होरं गा ना," हितेशची आई रूपा म्हणाली, "तलावाचं ऱ्हायलं."

"तलाव तुजा पोरगा इकतोय. मंग आवतान कुनाला देऊ, म्यानेजरला?"

बायका फिसकन हसल्या. हितेश वैतागला. "आजे, हळदीत राजकारन नको."

"मंग तूच बोलव. माजा गला बसला."

तळ्याला न बोलावता गावात हळद लागलेली नव्हती. रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी हितेश सुपारी घेऊन, पिवळाधमक, तळ्याकडे निघाला. मागं बायका, त्यांच्यामागं डीजेवालाही.

काठावर त्यानं सुपारी पाण्यात सोडली. "हळदीला ये," तो पुटपुटला.

"आनि सांग त्याला," मागून धोंडूबाई म्हणाली, "ह्ये शेवटचं आवतान हाय."

ते त्याच्यानं सांगवेना. पोहायला शिकताना ज्या दगडावरून उडी मारायचा, त्यावर तो बराच वेळ बसून राहिला.

सोमवारी त्याचा हात वर गेला नाही. पोरांचेही गेले नाहीत. ठराव पडला.

कंपनीवाले पुन्हा येणार, हे धोंडूबाई जाणून आहे. हल्ली ती घरोघरी जाऊन विचारते, "तुमच्या पोराची हळद कवा उरकताव?"