राक्षसाच्या पेटीत दोरी

माझ्या मेसमध्ये लोक वस्तू विसरून जातात. छत्र्या, डब्याची झाकणं, एक जण तर कवळी विसरला, न्यायला आलाच नाय! टाकवत नाय म्हणून सगळं एका पिंपात ठेवते. रविवारच्या टेबलाचे किस्से माझ्याकडं असेच साठलेत. पिंपाचं झाकण लागेना, म्हणून थोडे काढते बाहेर.

मेस शहागंजाजवळ. रविवारी दुपारची पंगत उठली की संध्याकाळी सुट्टी. मग मोठ्या टेबलावर पराग खेळ मांडतो. पराग वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर, जेवायला माझ्याकडं. खेळ सोपा. पराग गोष्ट सांगतो, आपण त्यातली माणसं व्हायचं. राक्षस आला तर काय करायचं ते आपण बोलायचं, आणि जमलं का नाय ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. राक्षस मेला की खजिना मिळतो, पॉइंट मिळतात. पॉइंट साठले की लेव्हल वाढते.

"टेबल माझं, तर मी पण खेळणार," म्हटलं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण कुऱ्हाड चालवायला शाळा कशाला लागते? खेळात माझी बाई कुऱ्हाडवाली, नाव झुंबर. चुडीवाला नझीर जादूगार. सोयगावची अश्विनी लॅबमध्ये रक्त तपासते, खेळात बाण मारते. आणि अण्णा. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी पैठणच्या गाडीवर. बढतीची वेळ आली की दर वेळी दुसऱ्याचंच नाव पुढं सरकलं. खेळात त्यांचा शिपाई आहे, रायाजी.

लेव्हल पुरेशी वाढली की शिपायाला गढी मिळते, तो किल्लेदार होतो. पोरानं अण्णांना कायमचं पुण्याला बोलावलं, दिवाळीनंतर निघायचं ठरलं. अण्णा म्हणाले, "जायच्या आधी रायाजी किल्लेदार झाला पाहिजे. बाकी काय नको."

एवढंच मागणं. आणि खेळाचा मालक आमचा पराग! देण्याच्या बाबतीत त्याच्यासारखा कंजूष जिल्ह्यात शोधून सापडणार नाय.

*

पहिल्याच रविवारी आम्ही म्हशीएवढा राक्षस मारला. झुंबरचा हात मोडला, नझीरची दाढी जळाली. राक्षसाच्या मागं मोठी पेटी. आम्ही सगळे टेबलावर वाकलो.

पराग म्हणाला, "पेटीत तांब्याची थोडी नाणी आहेत. आणि दोरी."

"आणि?"

"दोरी चांगली आहे, मावशी. मजबूत."

दुसऱ्या दिवशी पराग जेवायला आला. भलं मोठं ताट पुढं ठेवलं. मधोमध चिमूटभर मीठ, आणि पोतं शिवायच्या सुतळीचा एक तुकडा.

"मावशी, हे काय?"

"खजिना. चांगला आहे. मजबूत."

*

त्याचा एवढा परिणाम झाला, की पुढच्या रविवारी परागनं सोन्याची खाणच दिली! पाहिजे तेवढं घ्या म्हणाला.

घेतलं की. अश्विनीनं खेळात घर बांधलं, आईसाठी वेगळी खोली काढली. नझीरनं बाजारात दुकान टाकलं, गादीवर तक्क्याला टेकून बसला. झुंबरनं चार म्हशी घेतल्या. अण्णांनी धर्मशाळा बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जागा दाखवत बसले.

पराग म्हणाला, "जंगलात राक्षस आलाय! लोक ओरडतायत!"

नझीर हलला नाय. "उसकू बोलो सेठ घर पे नहीं है."

"अश्विनी, तू?"

"माझं प्लास्टर चालू आहे."

"मावशी?"

"धारेचा टाइम आहे."

दुपारभर पराग राक्षस घेऊन दारोदार फिरला, कुणी विचारीना. शेवटी चिडून त्यानं आमच्याकडं दरोडा घातला, म्हशीसकट सगळं नेलं. तेव्हा कुठं आम्ही हत्यारं काढली. मी अण्णांना म्हटलं, "लई कमी दिलं तर माणूस रुसतो, लई दिलं तर बसतो." अण्णा म्हणाले, "मंदाबाई, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही चढावर त्रास देतात."

*

लग्नातल्या आहेराचं तुम्हाला सांगायला नको. एकीला आलेला ब्लाउजपीस दुसरीला जातो, दुसरीचा तिसरीला. कुणी शिवत नाय, तो आपला गावं बघत फिरतो.

खेळात सरपंचाच्या पोरीचं लग्न होतं. आम्ही आहेर म्हणून आमची जादूची अंगठी दिली. लई मनावर दगड ठेवून दिली. पुढं बऱ्याच दिवसांनी डोंगरापल्याडच्या गुहेत एक दैत्य मारला, त्याच्या पेटीतून परागनं काढली अंगठी. "निळा खडा, आत चंद्राची खूण."

अश्विनी म्हणाली, "थांब. ही तर आपलीच!"

परागचं तोंड उतरलं. नवीन सुचलं नव्हतं, जुनीच काढली होती. पण अश्विनी ऐकते का? "मला माझ्या मामीकडून माझाच ब्लाउजपीस परत आलाय. मला हे बरोबर कळतं. सरपंचानं आपला आहेर फिरवला!"

"पर दैत्य कू कायकू देंगे?" नझीर.

अण्णा गंभीर झाले. "म्हणजे दैत्याला त्या लग्नाचं बोलावणं होतं."

मग काय! राक्षस राहिले बाजूला, आम्ही चौकशीला निघालो. सरपंचानं अंगठी विहिणीला दिली, विहिणीनं नणंदेला, नणंदेनं पुजाऱ्याला, आणि पुजाऱ्यानं दैत्याला. परागला एकेक माणूस जागेवर उभं करावं लागत होतं, घाम फुटला होता त्याला. शेवटी झुंबर सरपंचाच्या ओट्यावर कुऱ्हाड ठेवून बसली आणि म्हणाली, "आता तुम्ही आम्हाला जेवायला बोलावणार. आहेर नवा पाहिजे."

पराग म्हणतो, आजपर्यंतचा सगळ्यात चांगला खेळ तोच झाला. तो गोष्ट लिहून आणतो त्या वहीत त्यातलं एक अक्षर नव्हतं.

*

अश्विनीची लेव्हल वाढली तेव्हा पराग नुसता म्हणाला, "लेव्हल वाढली." आणि पुढं निघाला!

अण्णांनी हात वर केला. "असं नुसतं तोंडी? खुर्ची कुठाय? शाल कुठाय?"

तेव्हापासून आमच्याकडं रीत पडली. ज्याची लेव्हल वाढली, त्यानं टेबलाच्या टोकाला खुर्चीवर बसायचं. शाल माझ्या कपाटातली, कार्यक्रम झाला की घडी घालून परत द्यायची. नारळ माझा. तो दुसऱ्या दिवशी चटणीत जातो. भाषण नझीर करतो. "हमारी बहन ने जो तीर मारा, वैसा तीर इस शहर में कोई नहीं मार्‍या!" असं सुरू झालं की त्याला आवरायला दोन माणसं लागतात.

अश्विनी खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, शाळेत नंबर यायचा, पण नाव कधी पुकारलं नाय. फोटो काढून आईला पाठवला. आईचा लगेच फोन.

"शाल कशाबद्दल गं?"

"राक्षस मारला म्हणून."

"मग पगार वाढला का?"

*

दसरा आला तरी अण्णांचे पॉइंट भरेनात. फासा त्यांच्याशी दुष्मनी धरून होता. आम्ही अण्णांच्या पाठीमागं ठरवलं, काही तरी करायचं.

परागनं हळूच टाकलं, "अण्णा, चांगल्या वागणुकीबद्दल तुम्हाला जादा पॉइंट."

अण्णा ताठ झाले. "फुकट?"

"फुकट नाय, वागणुकीबद्दल."

"पराग, मी सख्ख्या मेव्हण्याला तिकीट फाडून दिलंय. बायकोनं दोन दिवस जेवायला वाढलं नाय. आणि मी तुझे फुकट पॉइंट घेऊ?"

मग दुसरी युक्ती. राक्षसाला अर्धमेलं करायचं आणि शेवटचा वार अण्णांना सोडायचा. ठरल्याप्रमाणं राक्षस गुडघ्यावर आला. नझीर एकदम म्हणाला, "मेरे जादूगार कू नींद आ रई." अश्विनीचे बाण संपले. माझ्या झुंबरच्या डोळ्यात कचरा गेला.

अण्णांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. फासा उचलला, टेबलावर ठेवला. टाकला नाय, ठेवला.

"रायाजी खाली बसला," ते म्हणाले. "तुमची नाटकं संपली की सांगा."

तो राक्षस आम्हाला मारावा लागला. अण्णा तरातरा घरी गेले. मी त्या तिघांना असं झाडलं, की शेजारचा भांडीवाला बघायला आला! "यापुढं कुणी अण्णांना मदत केली तर माझ्या मेसमध्ये पाय ठेवायचा नाय. माणसाला कमवू द्या." नाटकात मी पण होते, ते मला कुणी ऐकवलं नाय. हिंमत नव्हती.

*

आणि अण्णांचा शेवटचा रविवार.

पराग त्या दिवशी जेवला पण नीट नाय. माझं वरण तसंच वाटीत ठेवून गोष्ट सांगायला बसला. गढी समोर, दारात अजगर, तोंडातून आग. "आज सोपं नाय," तो म्हणाला, आणि खरंच नव्हतं. नझीरचा जादूगार पडला, खरा पडला. अश्विनी पडली. झुंबर पुलावरून खंदकात गेली. माझा हात कपाळाला लागला, म्हटलं संपलं.

उरला रायाजी. भाला एक, वार एक. अठराच्या वर पडलं तर अजगर मरतो, पॉइंट भरतात, गढी मिळते. नाय पडलं तर रायाजी मेला आणि अण्णा उद्या पुण्याला.

परागपुढं पुठ्ठ्याची आड असते, तिच्यामागं तो स्वतःचे फासे टाकतो. त्यानं ती जरा सरकवली. "अण्णा, इकडं टाकता? मी बघतो."

"समोर," अण्णा म्हणाले. "सगळ्यांसमोर."

टाकला. फासा टेबलावर उडाला, डब्याला लागला, मिठाच्या बरणीला लागला, आणि गेला थेट परागच्या वरणाच्या वाटीत!

परागनं बोटं घातलीच असती. अण्णा ओरडले, "हात लावू नको! फिरंल तो!"

आम्ही पाची जण वाटीवर वाकलो. पिवळं घट्ट वरण, खाली काय दिसतंय! माझं वरण पातळ असतं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी यायला पाहिजे होतं. अश्विनीला रक्ताच्या नळ्या हाताळायची सवय, तिनं चमचा घेतला. कडेनं, जराही धक्का न लावता, एकेक चमचा काढत गेली. आधी फाशाचं टोक वर आलं. मग एक मोहरी बाजूला झाली.

एकोणीस.

मग नझीर टेबलावरच चढला. पराग तोंड फिरवून वाटी धुवायला गेला, आणि बराच वेळ धूत बसला. मी शाल आणली. अण्णांना खुर्चीवर बसवलं, नारळ दिला. नझीरला भाषण करायचं होतं, पण "हमारे अण्णा" एवढं म्हणून तो आपणहून खाली उतरला, पहिल्यांदाच!

पराग परत येऊन बसला. म्हणाला, "गढी रायाजीची. भिंती तुमच्या, तोफा तुमच्या, पहारेकरी तुमचे. दिवस मावळलाय. पहारेकरी मोठ्या दाराला हात लावून उभे आहेत. विचारतायत, किल्लेदार, दार लावायचं का?"

अण्णांनी शाल खांद्यावर सारखी केली. घाई केली नाय.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मागनं कुणी पळत येतंय का, बघा आधी."