लेथच्या डोक्यावरचं कुंकू

यवतच्या आप्पांचा जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, मी घेतला तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कारखान्यात टर्नर होतो, आणि न्हावऱ्यात स्वतःचं वर्कशॉप टाकायचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं होतं. लेथ मात्र पार जाम. कातायचा गज धरणारा चक हातानं फिरवायला गेलं तर हटून बसलेल्या म्हशीसारखा जागचा हलायचा नाही.

आप्पांनी त्यावर उभी हयात पाण्याच्या पंपांचे शाफ्ट केले होते. लेथ अडायला लागला तसं दुकान बंद केलं. ट्रॉलीत चढवताना त्याच्या अंगावरून हात फिरवत ते म्हणाले, "मशीनचा दोष न्हाई. माझाच हात गेला." एवढं बोलून ते आत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. चालू झाला की तुम्हाला बोलावतो, असं मी तिथल्या तिथं कबूल करून बसलो.

कारखान्याला गुरुवारची सुट्टी असायची. ते सगळे गुरुवार लेथ खोलण्यात गेले. एकेक भाग रॉकेलमध्ये भिजवायचा, ब्रशनं घासायचा, पुसून ओळीनं मांडायचा. मांडायला काही नव्हतं म्हणून बायकोची परात घेतली, मग पाहुण्यांसाठी ठेवलेली ताटं. तिनं तोंड फुगवलं, आणि भाकरीला रॉकेलचा वास येतो असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. खरं तर येत होताच.

शेवटी हेडस्टॉक, म्हणजे लेथचं डोकं, उघडलं. चकमागचा दांडा, म्हणजे स्पिंडल, ज्या पितळी बुशांत फिरतो ते बुश ठणठणीत कोरडे, आणि स्पिंडल त्यातच धरून बसलेला. तेल आत पोचलंच नव्हतं. वरची तेलाची भोकंही दिसेनात. रंगाचे थर खरवडले तेव्हा सापडली. त्यात तार घातली तर तांबडा लगदा बाहेर आला. गंज आहे, असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. परात परत न्यायला आलेल्या बायकोनं लगदा बोटावर घेऊन चोळला.

"गंज कसला, कुंकू हाय हे," ती म्हणाली. "आन् खाली हळद."

मग उलगडा झाला. दर दसऱ्याला आप्पा लेथला नवा रंग द्यायचे आणि वर हळदकुंकू वाहायचे, नेमकं डोक्यावर, जिथं तेलाची भोकं होती तिथंच. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मला त्यांचं ट्रॉलीपाशी बोललेलं आठवलं. त्यांचा हात काही गेला नव्हता, पण हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कसं? पूजेनंच मशीन बसलं म्हटलं तर म्हातारा आणखी खचेल, अशी मला भीती होती.

बुश घासून नीट बसवले. दसऱ्याला आप्पा एसटीनं आले. मी बटण दाबलं, चक सरळ फिरायला लागला, आणि आप्पा मान तिरकी करून नुसता आवाज ऐकत राहिले. मी मशीन बंद केल्यावर त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली, आणि सवयीनं चिमूट थेट त्याच जागी नेली.

मी त्यांचं मनगट धरलं. "आप्पा, तिथं नको." मग अडखळत सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वाकून भोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता उठून एसटी गाठतील.

"म्हंजी माझा हात शाबूत हाय?"

"शाबूत हाय, आप्पा."

चिमटीतलं कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. मग तेलाची बुधली मागून घेतली आणि दोन्ही भोकांत थेंब थेंब तेल सोडलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. हात जोडले, चष्मा चढवला, बाह्या वर सारल्या.

"एखादा गज लाव," ते म्हणाले. "बघू."