कौसाबाईंची मजुरी

माझं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं. दवाखान्यात डॉक्टर होते, नर्स होती, त्यांनी आपलं काम मनापासून केलं. पण कळा देताना माझा हात धरून बसणारं कोणीच नव्हतं. आई लग्नाआधीच वारलेली, सासूबाईही नव्हत्या. त्यानंतर मी रोज देवापुढे दिवा लावायची, पण वर बघवत नसे. देव आहे तर त्या खोलीत का नव्हता, हे कोणाला विचारायचं?

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. चामोर्शीकडच्या एका खेड्यात माझे पती शाळेत गुरुजी होते. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, बाळंतपण दवाखान्यातच करायचं, पण या वेळी एकटीनं नाही.

शेजारच्या गावच्या कौसाबाई बाळंतिणीजवळ बसण्यात हुशार. पाठ चोळायची कधी, चालवायचं कधी, गप्प राहायचं कधी, हे त्यांना बरोबर कळे. मी त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "येतो ना बाई, काऊन नाई येणार? पण तुह्ये दिवस कापणीत भरतेत. त्या महिन्याच्या मजुरीत भेटलेल्या धानावर माहं वरीस निघते. थे बुडालं तं मी खाऊ काय?"

त्या विधवा होत्या. एक लुगडं आणि महिनाभराची बुडालेली मजुरी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यात जास्तीचं काही नव्हतं. आमच्या पगारातला निम्मा मात्र सासऱ्यांच्या औषधाला जाई. घरी सांगितलं तेव्हा हे गोंधळले. "हात धराले बी पैसे लागतेत?"

"लागतेत," मी म्हटलं. "तिचा बी दिस बुडते."

मग शेजारच्या शेवंताबाईंसोबत मी पळसाच्या पत्रावळी लावायला बसले. लग्नसराईत भरपूर खपल्या. पावसाळ्यात काम थांबलं, तोवर लुगडं आलं होतं आणि मजुरीची जेमतेम निम्मी रक्कम जमली होती. आश्विन लागला. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले, तरी एका सोमवारी ह्यांच्यासोबत मी मार्कंड्याला गेले. महादेवापुढे हात जोडले, पण मागायला शब्द सुचेना. हे देवळातच थांबले आणि मी एकटी वैनगंगेच्या पायऱ्यांवर येऊन बसले. तिथं रडू फुटलं.

एक म्हातारी ओलं लुगडं वाळवत उभी होती. "काऊन रडून राह्यली, बाई?" तिनं विचारलं. अनोळखी होती म्हणूनच असेल, मी तिला सगळं सांगितलं. ती सहज म्हणाली, "पैसा कायले धुंडतेस? तिच्या जागी कापाले शेजारच्या बाया धाड. तिचं धान तिले भेटलं म्हंजे झालं ना!"

मी तांब्या भरायला खाली वाकले. वळून पाहिलं तर ती पायऱ्या चढून गर्दीत मिसळली होती. ती कोण, कुठची, हे मला आजही माहीत नाही.

उपाय कळला, पण तो करणं सोपं नव्हतं. मी गुरुजींची बायको. शेजाऱ्यांकडे कधी चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं, आणि त्या तुटकपणाला मी आजवर स्वाभिमान समजत होते. शेवंताबाईंच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा मनात म्हटलं, महादेवा, माझा ताठा तुझ्या पायाशी ठेवते. आणि आत गेले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एवढंच ना? आमी शेजारच्या चौघीजनी पाळीपाळीनं जातो. धान कौसाबाईच्या घरी टाकून देऊ."

कौसाबाई कापणीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे राहायला आल्या. दहाव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. पहिल्या बसनं आम्ही दवाखान्यात पोचलो. नर्सबाईंनी कौसाबाईंना माझ्याजवळ बसू दिलं. दुपारी माझा धीर पार सुटला. "मले नाई होत," मी ओरडले. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माह्याकडे पाय. होऊन राह्यलं ना, बाई! तूच करून राह्यली." त्या डोळ्यांत पाहताना मला कळलं, देव त्या खोलीत का नव्हता, हा माझा प्रश्न आता उरला नव्हता. ऊन कलायच्या आत मुलगी झाली. रडली, मोठ्यानं रडली.

कृपा म्हणजे कष्टांतून सुटका, असं मी समजत होते. माझे कष्ट चुकले नाहीत, कौसाबाईंचं धानही बुडालं नाही. देवानं फक्त माझ्या बंद मुठी उघडल्या. त्याला शरण जाणं म्हणजे शेजारणीचं दार वाजवणंही असतं, हे मला तेव्हा उमगलं.

पुढच्या वर्षी गावातल्या दुसऱ्या एका पोरीसाठी कौसाबाईंना बोलावलं, तेव्हा त्यांच्या जागी कापायला शेवंताबाई आणि त्या तिघींबरोबर मीही गेले. विळा धरायची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी बोट कापलं, आणि माझी पात, म्हणजे माझ्या वाट्याची धानाची ओळ, सगळ्यांच्या मागं राहिली. मान वर करून पाहिलं, तर आपापली पात संपवून चौघीही माझ्या पातीत उतरल्या होत्या, समोरून कापत माझ्याकडे येत होत्या.